उशाशी ठोकणारा किडा

४ मार्च

लेकीने ही वही बायकोच्या औषधांची नोंद ठेवायला दिली होती. पण औषधांचं सगळं सिस्टर बघतात, त्यांची वेगळी वही आहे, आणि त्यांच्या वहीत माझं कोंबडीच्या पायाचं अक्षर त्यांना खपत नाही. मग कोरी वही वाया कशाला घालवायची? वहीत लाकडातल्या किड्याची नोंद ठेवतो.

ग्रंथालयाच्या बाईंचं कपाट आज दुरुस्तीला आलं. जुनं, दणकट लाकूड. पण मागच्या फळीला बारीक गोल भोकं. बाई म्हणाल्या, "पुस्तकांवर पिठासारखं काहीतरी पडतं हो." कपाटाखाली काळा कागद अंथरला. दोन दिवसांत त्यावर ताजा भुसा दिसला तर किडा जिवंत, नाही दिसला तर भोकं जुनी. चाळीस वर्षं मी हीच पद्धत वापरतो.

कामाची जागा आता घरातच आहे. हिच्या खोलीला लागून, मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. तिच्या पलंगाची उशाकडची फळी पलीकडून या पार्टिशनला टेकलेली. हिला मेंदूचा झटका आला त्याला नऊ आठवडे झाले. हात गेले, पाय गेले, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण डॉक्टर म्हणतात त्यात बघणं नाही. मानेला मधूनच झटके येतात, त्याचाही अर्थ लावू नका म्हणाले. बरं, नाही लावत.

६ मार्च

कागदावर रव्यासारखा भुसा! किडा जिवंत आहे. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरात कोणीतरी कामात आहे.

हिला नळीतून दूध देताना सगळं सांगितलं. म्हटलं, लोकांना वाटतं भुंगेरा लाकूड खातो. छे! खाते ती अळी. मादी जुन्या फटीत अंडी घालते, अळी आत शिरते आणि चार-चार, कधी दहा वर्षं आतच कुरतडत बसते. बाहेर कोणाला पत्ता नाही. मग भुंगेरा होऊन भोक पाडून बाहेर येतो, आणि त्यानंतर तोंडात काही घालत नाही. महिनाभरात जोडीदार शोधायचा आणि मरायचं. आणि शोधतो कसा? बोगद्यात बसून डोकं आपटतो. टक टक टक, सहा-सात ठोके. दुसरा जवळपास असला तर तोही डोकं आपटून उत्तर देतो.

पूर्वी मी किड्यांचं काढलं की ही म्हणायची, "जेवताना तरी ती किडामुंगी नको." आज गप्प ऐकून घेतलं. मला भरून आलं. उरलेलं दूध तसंच ठेवून बाहेर आलो.

९ मार्च

आज दुपारी आवाज ऐकला.

कपाटाची फळी सोडवत होतो. टक, टक, टक, टक. थांबला. मला वाटलं कपाटातून येतोय. कपाटाला कान लावला, तिथे शुकशुकाट. पुन्हा टक टक टक. पार्टिशनमधून! म्हणजे हिच्या पलंगातून. माझ्या हाताने केलेला पलंग, लग्नाच्या आधी महिनाभर राबून केलेला, त्याला किडा? ग्रंथालयाच्या कपाटातून भुंगेरे उडून तिकडे गेले असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ज्यांच्याकडे सुतारकाम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, ठोकणारा किडा ऐकू आला की समजावं, घरात कोणीतरी पडून आहे. आम्ही पोरं घाबरायचो. मग तेच हसून सांगायचे, "अरे, आजाऱ्याच्या घरात सगळे हळू बोलतात, म्हणून किडा ऐकू येतो. एरवीही तो ठोकतच असतो." तरी आज अंगावर काटा आला हे खरं.

लेकीचा फोन. डॉक्टर चोवीस तारखेला घरी येऊन हिला तपासणार. हिला काही समजतं असं दिसलं तर ही घरीच राहील, बोलायला-हलायला शिकवणारी बाई रोज येईल. काहीच समजत नसेल तर लेकीच्या गावच्या सेवा केंद्रात न्यायचं. मी म्हटलं, "मी मेलोय का?" ती म्हणाली, "बाबा, तुमची पाठ बघा, वय बघा." बरोबर आहे तिचं, पण ऐकवत नाही. अडतीस वर्षं या घरात आम्ही एकत्र आहोत. ही गेली तर मी या घरात करू काय?

११ मार्च

किड्याची जागा पक्की करायची म्हणून इकडच्या बाजूने पार्टिशनवर पेन्सिलीने ठोकून बघितलं. भुंगेऱ्याला वाटतं जोडीदार आला, तो उत्तर देतो. मी पाच ठोकले. थोडा वेळ गेला. मग पलीकडून पाच.

 काय मजा आहे!

१२ मार्च

आज दोन ठोकले, दोन आले. तीन ठोकले, तीन आले. एक ठोकला, एक आला. भुंगेरा आपल्या हिशेबाने सहा-सात ठोके देतो, समोरच्याचे मोजत नाही. हा मोजतो. चाळीस वर्षांत असा किडा बघितला नाही. हिला जाऊन सांगितलं, "तुझ्या पलंगातला किडा शाळेत जातो वाटतं!" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हे हल्ली येतं. पुसलं.

वेळांची नोंद: सकाळी सव्वाअकरा, मग दीड, मग साडेचार. सव्वाअकराला आवाज फार वेळ चालला. नंतर सिस्टर आल्या तर हिची चादर ओली होती, त्या मला ओरडल्या. मी काय करणार, मी किड्याकडे लक्ष देत होतो.

१४ मार्च

एक गंमत लक्षात आली. मी हिच्या खोलीत पाय टाकला की किडा गप्प. गेल्या गेल्या मी हिला जरा खाली सरकवतो, कारण ही कशी कोण जाणे वर वर सरकत फळीला टेकलेली असते. उशी नीट करतो. मग फळीला कान लावतो. तोवर सगळं चिडीचूप. माणसाची चाहूल लागते त्याला.

आज अर्धा तास कान लावून वाकून उभा होतो. माझा चेहरा हिच्या चेहऱ्याजवळ, मध्ये वीतभर अंतर. हिच्या घशातून काहीतरी घरघर यायला लागली. मी म्हटलं, "श्श! जरा गप्प बस, मला ऐकू दे."

काळा कागद पलंगाखालीही टाकलाय. त्यावर भुसा नाही. पाच दिवसांत एक कण नाही.

१५ मार्च

सिस्टर म्हणाल्या, "काका, यांच्या डोक्यामागचे केस झिजलेत. कातडी लाल झालीय." मी म्हटलं, पडून पडून होतं. त्या म्हणाल्या, "पडून पाठीला होतं, कमरेला होतं. असं डोक्याला एका जागी मी बघितलं नाही." या बाईंना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. तरी मी कापसाची जाड उशी आणली आणि डोकं आणि फळी यांच्यात उभी लावली.

१६ मार्च

आवाज मऊ झाला. टक टक होता तो आता धप धप. किडा खोल गेला. लाकडाच्या गाभ्यात गेला की औषध पोचत नाही. घाई करायला हवी.

१८ मार्च

आज औषध दिलं. हिला तासाभरासाठी बाहेर सोफ्यावर ठेवलं, सिस्टरांनी हात लावला. उशाकडच्या फळीत बारीक भोकं होती, मला वाटतं सात. प्रत्येकात इंजेक्शनच्या सुईने औषध सोडलं, वर मेण भरलं. फळीला ब्रशने आणखी एक हात. वास उग्र आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या. संध्याकाळी हिला परत आणलं तर डोळे लाल, खोकला. सिस्टर म्हणाल्या, "निदान आज तरी दुसरीकडे झोपवा." दुसरीकडे कुठे? घर म्हणजे काय धर्मशाळा आहे?

मेण भरताना एक जाणवलं. दोन भोकांत सुई सरळ गेली नाही, आतून गंज निघाला. जुन्या खिळ्यांची भोकं असतील ती. तरी भरली. औषध वाया गेलं तरी चालेल, किडा सुटायला नको.

१९ मार्च

सकाळी दहापासून थांबलाच नाही. मोजले. एकशे चाळीस झाले, मग मोजणं सोडलं. सूर नाही, ताल नाही, नुसता धप धप धप, मध्येच जोरात. औषध भिनलं की असं होतं, मरणारा किडा तडफडतो. मी पेन्सिल घेऊन पाच ठोकले. एकदम शांत. मग हळू पाच आले, अगदी मोजून.  मी पेन्सिल टाकली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. कपाटातले किडे मी शेकड्यांनी मारलेत, कधी असा उठून गेलो नाही.

परत आलो तेव्हा सिस्टर हिच्या डोक्याची जखम धूत होत्या. कातडी फुटली होती, रक्त होतं. म्हणाल्या, "ही मान स्थिर ठेवायला हवी." गोल उशी, दोन्ही बाजूंना चादरीच्या गुंडाळ्या, कपाळावरून मऊ पट्टा. आता मान हलणार नाही, जखम भरेल.

आणि मी पण ठरवलं. पलंगच बाहेर काढतो.

२० मार्च

हिला फोमच्या गादीवर जमिनीवर झोपवलं. पलंग सोडवून अंगणात उन्हात ठेवला.

दिवसभर आवाज नाही. एकही नाही. जिंकलो!

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला जमिनीवर झोपवलंत तुम्ही? किड्यासाठी?" तिला कळत नाही. हिला त्या आवाजाचा किती त्रास होत असेल. आपल्या उशाशी चोवीस तास कोणी ठोकत बसलं तर?

२२ मार्च

शांतता. कपाट पूर्ण झालं, ग्रंथालयाच्या बाई खूश होऊन घेऊन गेल्या. मला करमत नाही. पार्टिशनवर सहज दोन ठोकले. काही आलं नाही. येणार कुठून?

२४ मार्च

डॉक्टर आले. चांगला माणूस आहे, घाई केली नाही. "काकू, ऐकू येत असेल तर डोळे मिटा." पापण्या आपल्या आपण लवल्या, त्यांच्या सांगण्याने नाही. "माझं बोट दाबा." नाही. "माझ्या बोटाकडे बघा." नजर माझ्यावर. बोट फिरतंय आणि नजर माझ्यावर. मी खाली बसून म्हटलं, "अगं, एकदा तरी काहीतरी कर ना. तुला घेऊन जातील. एकदाच." तिचं कपाळ पट्ट्याखाली घामाने भिजलं होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. डोळ्यांतून धार लागली. डॉक्टर म्हणाले, "हे आपोआप होतं. मनाला लावून घेऊ नका."

सकाळीच गावाहून आलेली लेक माझा हात धरून बसली. मी पण रडलो. काय लपवायचं.

२६ मार्च

हिला नेलं.

२९ मार्च

तीन दिवस काही लिहिलं नाही. घर खायला उठतं. चहा दोन कप होतो, एक ओतून देतो.

आज राग काढायला काहीतरी हवं होतं म्हणून पलंगाची उशाकडची फळी करवतीने कापली. म्हटलं, ज्याने माझ्या घराला पीडा दिली त्याचा बोगदा तरी बघू. उभी चिरली. आडवी चिरली. मग चार-चार बोटांचे तुकडे केले.

आत काही नाही. लाकूड कसं, काल कापल्यासारखं. बोगदा नाही, भुसा नाही, अळीची कातही नाही. सातही भोकं खिळ्यांची. कधीतरी या फळीला मीच कापडी गादी ठोकली होती, ते आता आठवलं.

मग ठोकत कोण होतं? पाचाला पाच कोण देत होतं? मी भर दुपारी घराचं दार आतून लावून घेतलं. का, ते मलाच माहीत नाही. पार्टिशनकडे पाठ करून बसवेना.

३१ मार्च

लेकीचा फोन. म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण आपला किडा इकडे आलाय वाटतं. आईच्या कपाळावरचा पट्टा काढल्यापासून तिच्या खाटेतून ठक ठक येतंय. शेजारच्या आजी तक्रार करतात. गादीतून आला असेल का? तुम्ही औषध घेऊन येता?"

मी विचारलं, "खाट कुठल्या लाकडाची आहे?"

"लाकूड कुठलं, बाबा? सगळं लोखंडी आहे."

 ती हॅलो हॅलो करत होती. सव्वाअकरा. ओली चादर. उशी. पट्टा. सात भोकांत औषध आणि तिचं डोकं त्या फळीपासून चार बोटांवर. मी तिला गप्प बस म्हणालो. मी तिला गप्प बस म्हणालो!

सकाळच्या पहिल्या बसने निघतो.

१ एप्रिल

लेकीच्या घरी बसून लिहितोय.

केंद्रातली खोली स्वच्छ आहे, दोन खाटा. हिच्या डोक्यामागे पट्टी, आणि खाटेच्या दांडीला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. मी ते सोडून काढलं. लेक म्हणाली, "बाबा, काय करताय?"  दांडीवर बोटाने पाच ठोकले.

हिने माझ्याकडे बघितलं. मग मान मागे नेली आणि हळू, एकेक करून, पाच. लेकीने तोंडावर हात घेतला. मी खाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. माफी मागितली. किती वेळा मागितली ते मोजलं नाही.

केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंना बोलावून आणलं. त्यांनी पद्धत लावून दिली. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन, आणि दांडीला मऊ गादी, म्हणजे लागणार नाही, पण आम्हाला दिसेल. लेकीने विचारलं, "आई, मी तुझी मुलगी ना?" एक. मग तिनेच विचारलं, "मी डॉक्टर आहे का?" दोन. "पाणी हवं?" एक. "इथे दुखतं?" दोन. "पाय दुखतो?" एक. पायाखाली उशी दिली. सगळं बरोबर, एकदाही चुकली नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "यांना सगळं समजतं. पहिल्या दिवसापासून समजत असणार. आता घरी न्यायला हरकत नाही, शिकवणारी बाई रोज येईल."

मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "ऐकलंस? चल. नवा पलंग करतो. किडा-बिडा काही नाही, कान धरतो. घरी येतेस ना?"

दोन.

मला वाटलं नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. दोन. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे न बघता छताकडे बघत दोनदा मान टेकवली. लेक म्हणाली, "बाबा, पुरे आता."

थकली असेल. इतक्या दिवसांनी एकदम एवढे प्रश्न. एक आणि दोन यांत तिचा घोळ होतोय. उद्या सकाळी लवकर जाऊन तिला नीट समजावून सांगतो, एक म्हणजे हो.